मारायची ती हाक

आमच्या चाकणच्या कंपनीत त्यांना समोर काका म्हणत आणि मागे निरोप्या. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर दुसरं त्यांना जास्त आवडायचं. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते मे महिन्यात, अंगात हातविणीचा स्वेटर आणि गळ्यात मफलर अशा अवतारात. प्रेस शॉपमधली माणसं घामानं निथळत होती आणि हा गृहस्थ कानावरून मफलर घेऊन त्यांच्यामधून निवांत चालला होता. मला वाटलं, आजारी असतील. नंतर कळलं, सर्व्हर रूममधल्या एसीनं त्यांना थंडी वाजते, आणि दिवसातून वीस वेळा आत-बाहेर करताना दर खेपेला कोण काढघाल करणार, म्हणून ते पूर्ण शिफ्ट स्वेटरातच काढतात.

वीस वेळा आत-बाहेर, कारण ते फोन उचलत नसत. मोबाइल होता त्यांच्याकडे, खिशात, रुमालात गुंडाळलेला. वाजला की ते बाहेर काढून नाव बघत, वाजून थांबेपर्यंत वाट बघत आणि मग उठून ज्यानं फोन केला त्याच्यापुढे जाऊन उभे राहत. "बोला, काय म्हनताय?" पेंट शॉप आमच्या इमारतीपासून चांगलं दहा मिनिटांवर. तिथल्या एका सुपरवायझरचा खिशातल्या खिशात चुकून नंबर लागला, तर हे उन्हातून तिकडे हजर. काही काम नव्हतं म्हटल्यावर "असूंद्या" म्हणाले आणि परत आले. अर्ध्या तासानं पुन्हा चुकून लागला, पुन्हा गेले.

मी त्या वेळी ताथवड्याच्या कॉलेजातून इंजिनिअरिंग संपवून नुकतीच बाहेर पडलेली. घर परभणीचं, राहायला थेरगावात डांगे चौकाजवळ तिघींत एक खोली. पदवी नवीन असली की माणसाला आपल्यापेक्षा जुनं असलेलं सगळंच मोडीत काढण्यासारखं वाटतं, तशी मी होते. आयटी विभागात आम्ही दोघंच, मी इंजिनिअर आणि ते 'सहायक'. नेमणूकपत्रावर हा शब्द पंचवीस वर्षांपूर्वी पडला होता आणि कुणी बदलला नव्हता. त्यांनीही कुणाला बदलायला सांगितलं नव्हतं.

काम काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कंपनीच्या सगळ्या फायली एका सर्व्हरवर असत. ड्रॉइंग, मोजमापं, हजेरी, सगळं. कुणीही आपल्या टेबलावरून तिथला फोल्डर उघडला की सर्व्हरच्या पोटात त्या माणसाच्या नावानं एक वेगळी प्रोसेस सुरू होते. ती त्याचीच सेवा करते आणि तो निघून गेला की संपते. काका तिला प्रोसेस म्हणत नसत, गडी म्हणत. सगळ्यांच्या वर जी मूळ प्रोसेस, ती मुकादम. आणि ह्या चालत्या गड्यांना, त्यांचं काम न थांबवता, काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करून काहीतरी सांगता येतं. सांगता येतं म्हणजे काय, तर निरोप देता येतो. काकांचं सगळं आयुष्य त्या एका ओळीत होतं.

निरोपाचे प्रकार त्यांनी स्वतः पाडले होते. नियम बदलला की तो सगळ्या गड्यांना एकदम कळवायचा, ती दवंडी. एखादा गडी गप्प बसून बिघाड करत असेल, तर त्याला आपली प्रत्येक बारीक हालचाल नोंदवायला लावायची, म्हणजे 'त्याला बोलता करायचं'. आणि सगळ्यांत सोपा निरोप म्हणजे पिंग. तो पाठवला की जिवंत गडी पाँग म्हणून उत्तर देतो. पिंग म्हणजे हाक आणि पाँग म्हणजे ओ, इतकं साधं भाषांतर आमच्या कॉलेजात चार वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं. रोज सकाळी ते दोन बोटांनी, एकेक अक्षर तोंडानं म्हणत, सगळ्या गड्यांना हाक मारत. पडद्यावर ओळीनं ओ येत. सगळ्यांची ओ आल्याशिवाय चहा घेत नसत. एखाद्याची आली नाही, तर चहा तसाच ठेवून त्या माणसाच्या टेबलापर्यंत चालत जात.

"उत्तर नाही आलं तर नाही आलं काका, तो बंद करून नवीन चालू होईल," मी एकदा म्हणाले.

"हाक रिकामी जाऊ द्यायची न्हाई म्याडम. आमची आई म्हनायची, जाता न्हाई आलं तरी ओ द्यावी. मारनाऱ्याचा जीव टांगनीला लागतो."

लोक सांगत की सर्व्हर रूम जिथे आहे तिथेच काकांच्या शेताची विहीर होती, म्हणून त्यांचा तिथे जीव अडकला आहे. मीही ही गोष्ट दोन-चार जणांना गळा दाटून सांगितली होती. एकदा त्यांनाच विचारलं, तर म्हणाले, "छ्या. आमचं रान तिकडं बॉयलरपाशी. हितं दुसऱ्याचं व्हतं, दगडच व्हते निस्ते." जमीन कंपनीत गेली, घरटी एकाला नोकरी मिळाली, आणि ते शॉप फ्लोअरवर चिठ्ठ्या पोचवायच्या कामाला लागले. स्टोअरमधून टूलरूमला, टूलरूममधून ऑफिसला. फोन कमी होते, यंत्रांचा आवाज फार होता. ते म्हणत, त्या काळात त्यांना एक गोष्ट कळली. माणूस मशिनवर असताना त्याला चिठ्ठी द्यायची नाही. शेजारी उभं राहायचं, त्यानं मशिन थांबवून मान वर केली की मग द्यायची. पहिला सर्व्हर आला तेव्हा तो बसवणाऱ्या इंजिनिअरानं परदेशी जाण्यापूर्वी त्यांना चार-पाच आज्ञा वहीत लिहून दिल्या. त्या वहीवर ते चोवीस वर्षं चालले. हाकलणं, उडवणं, मारून टाकणं असल्या आज्ञाही त्या वहीत होत्या, पण त्या त्यांनी पेन्सिलीनं खोडल्या होत्या.

"आपल्याकडं मारायची ती हाक," ते म्हणत, "दुसरं कायबी मारायचं न्हाई."

मी हसायची. एकदाच हसू बंद झालं, ते मी रुजू होऊन दुसऱ्या महिन्यात.

त्या दिवशी काका गावात कुणाच्या तरी साखरपुड्याला अर्धी सुट्टी घेऊन गेले होते. दुपारी ड्रॉइंगचा फोल्डर अडकला. जुनं ड्रॉइंग कुणीतरी उघडं ठेवलेलं, नवं चढेना, टूलरूमचे फोनवर फोन. उपाय मला माहीत होता. एक निरोप असा आहे की ज्यानं फक्त एका फोल्डरचं दार बंद होतं, बाकीची उघडी राहतात. त्यात फोल्डरचं नाव अचूक लिहावं लागतं. आणि फोल्डरांची नावं ठेवली होती काकांनी, मराठीत, इंग्रजी अक्षरांत, त्यांच्या मनाच्या स्पेलिंगनं. मी नक्शा लिहिलं, काही झालं नाही. नकाशा लिहिलं. नक्षे लिहिलं. पुढे एक ए जास्त घालून पाहिला. सर्व्हर ढिम्म. फोन वाजतच होता. मग मी नावाच्या जागी चांदणी टाकली. चांदणी म्हणजे तो सहा पाकळ्यांचा ठिपका, 'जे काही असेल ते' असा त्याचा अर्थ. एंटर दाबलं आणि कंपनीतली सगळी दारं एकदम बंद झाली.

बहुतेकांचं फार नुकसान झालं नाही, त्यांनी फोल्डर पुन्हा उघडले. पण क्वालिटी विभागातल्या सुलभाताईंचा प्रोग्रॅम जुना होता. त्या सकाळपासून एकेक पीस मोजून आकडे भरत होत्या, आणि तो प्रोग्रॅम सगळे पीस झाल्यावरच लिहून ठेवायचा. शंभराच्या वर पीस मोजून झालेले, ते सगळे गेले. माल संध्याकाळच्या गाडीनं जायचाच होता. आणि त्याच संध्याकाळी दिघीला, त्यांच्या नव्या फ्लॅटमध्ये, त्यांना दूध उतू घालायचं होतं. कोकणातून सासूबाई आल्या होत्या, पातेलं नवीन आणलं होतं, हे सगळं त्यांनी सकाळी कँटीनमध्ये मला स्वतः सांगितलं होतं.

काका परतले तेव्हा तीन वाजले होते, कपाळावर गंध, हातात लाडवाची पुडी. कुणी सांगितलं कोण जाणे. त्यांनी पडद्यावर मी टाइप केलेली ओळ वाचली.

"चांदनी घातली व्हय?"

"हो."

"आत कोन कोन हाय, ते बघितलं व्हतं?"

"नाही."

"चला."

मला वाटलं, साहेबांकडे नेतात. त्यांनी मला क्वालिटीत नेलं आणि सुलभाताईंच्या शेजारी उभं केलं. "सुलभाबाई, ह्या म्याडम पीस उचलून देतील, मी पुसून ठिवतो, तुमी निस्तं मोजा." त्या माझ्याकडे बघून एकच म्हणाल्या, "असू दे गो, चुकतं माणूस." त्यापेक्षा त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. साडेसहापर्यंत मी शंभरावर पीस एकेक करून त्यांच्या हातात दिले. कंपनीची बस कधीच गेली होती. काकांनी त्यांना आपल्या मोटारसायकलवर बसवून दिघीला सोडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेढे आणले, दूध व्यवस्थित उतू गेलं म्हणाल्या, आणि पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला.

काका त्या विषयावर पुन्हा कधी बोलले नाहीत. फक्त त्यांनी एका कागदावर सगळ्या फोल्डरांची नावं त्यांच्या स्पेलिंगनं लिहून माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवली. ड्रॉइंगच्या फोल्डरचं नाव 'नकासे' होतं.

अशी चार वर्षं आम्ही एका खोलीत बसलो. मी किती बदलले ते मला सांगता येणार नाही, पण एक दिवस माझ्या आईनं परभणीहून फोन केला तर मी सगळ्यांत आधी विचारलं, "तू कामात नाहीस ना?" आई गोंधळली. मग हिवाळ्यात बातमी आली की कंपनीच्या फायली आता मुख्य कार्यालयाच्या मोठ्या व्यवस्थेवर जाणार, आमचा सर्व्हर बंद होणार. तारीख ठरली ती नेमकी काकांच्या निवृत्तीची. मुद्दाम कुणी ठरवली नसावी, महिनाअखेर होती इतकंच.

प्लँट हेडनी बैठकीत सांगितलं, "तीन वाजता यंत्र न्यायला माणसं येतील. तीनला प्लग ओढायचा. नकला सगळ्या झाल्या आहेत, काय प्रॉब्लेम आहे?"

काका बैठकीत कधी बोलत नसत. त्या दिवशी उभे राहिले. "साहेब, नकला काल रातच्या हायेत. आज सकाळपासनं जे बसलेत त्यांचं काय? प्लग नगा वढू. मी निरोपानं बंद करतो. चोवीस वर्षांत एकदाच मानसं कामावरनं उठली, आता जाता जाता पुन्यांदा नगं."

ते 'एकदाच' म्हणजे मी. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"ठीक आहे काका," प्लँट हेड म्हणाले, "पण तीन म्हणजे तीन. एक मिनिट वर झालं तर मी इलेक्ट्रिशियनला सांगणार."

नोटीस बोर्डावर एचआरनं कागद लावला, चार वाजता कँटीनमध्ये निरोप समारंभ. काकांनी तो चष्मा लावून वाचला. "आता ह्याचा कशापायी समारंभ? निरोप तर मी रोजच देतो." भाषण कुणी करायचं, तर त्यांच्या खोलीत बसणारीनं, म्हणजे मी. मी हो म्हणाले.

शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी हाक मारली, एकतीस जणांची ओ आली. ती यादी कागदावर उतरवून, पेन्सिल कानावर ठेवून ते निघाले. एकेका टेबलाशी जायचं, शेजारी उभं राहायचं, माणसानं मान वर केली की सांगायचं, "आटोपलं की नव्या जागी शेव करा आन् मिटा. घाई न्हाई." शेव हा शब्द ते चिवड्यातल्या शेवेसारखाच उच्चारत. मेंटेनन्सचा एक जण फाइल उघडी टाकून जेवायला गेला होता. काका कँटीनमध्ये त्याच्या समोर बसून राहिले, त्याचं ताक पिऊन होईपर्यंत. यंत्र नेणारी दोन माणसं अडीचलाच ढकलगाडी घेऊन आली आणि व्हरांड्यात बसली. इलेक्ट्रिशियनही येऊन उभा राहिला.

पावणेतीनला यादीत दोनच नावं उरली. एक सुलभाताईंचं. मी खिडकीतून बघितलं, काका क्वालिटीत त्यांच्या शेजारी उभे राहून एकेक पीस त्यांच्या हातात देत होते. तीनला तीन मिनिटं कमी असताना सुलभाताईंचा गडी संपला.

राहिला एक. तो माझा होता.

आता हे कबूल करायला हरकत नाही. भाषण मी सर्व्हरवरच लिहीत होते, 'निरोप' नावाच्या फाइलीत. तीन दिवसांपासून. लिहून झालं होतं, फक्त शेवटची ओळ होत नव्हती. आणि त्या दिवशी मी ती फाइल मुद्दाम मिटली नव्हती. माझं काम चालू आहे तोवर हा माणूस सर्व्हर बंद करणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. सव्वीस वर्षांच्या इंजिनिअर बाईनं करावा असा हा प्रकार नव्हे. पण मला ते बंद व्हायला नको होतं, आणि दुसरा काही उपाय माझ्या हातात नव्हता.

प्लँट हेड दारात आले. "काका, तीन वाजले. मी सांगितलं होतं."

"एक जन आत हाय साहेब."

"कोण?"

"हाय एक," काका म्हणाले. "उठतंच हाय."

ते माझ्या टेबलाशेजारी येऊन उभे राहिले. मी मान वर करीना. इलेक्ट्रिशियन बोर्डापाशी, साहेबांच्या हातात घड्याळ, आणि हे स्वेटर घालून उभे. शेवटी मी वर बघितलं.

"म्याडम," ते हळूच म्हणाले, "निरोप उघडा ऱ्हायलाय."

यादीत फाइलीचं नाव दिसतं, हे मी विसरले होते. सकाळपासून त्यांना दिसत होतं. बाकीच्या तीस जणांकडे जाऊन आले आणि मला शेवटी ठेवलं होतं.

"शेवटची ओळ सुचत नाहीये काका."

"मंग नगा लिहू. हाय तेवढं शेव करा आन् मिटा." मग म्हणाले, "तुमचं अर्धं ऱ्हायलं आसंल तर सांगा, साहेबाला मी थांबवतो. पर खरं सांगा."

खरं काय होतं ते आम्हा दोघांना माहीत होतं. मी फाइल नव्या जागी ठेवली आणि मिटली. त्यांनी साहेबांकडे बघून मान हलवली. साहेबही, काय वाटलं कोण जाणे, इलेक्ट्रिशियनला घेऊन दारातून मागे सरले.

काका खुर्चीवर बसले. दोन बोटांनी, एकेक अक्षर तोंडानं म्हणत, त्यांनी मुकादमाला शेवटचा निरोप लिहिला. काम संपलं, आता थांबा, असा. एंटर दाबून त्यांनी हात मांडीवर ठेवले. कुणाचं काहीही बुडालं नाही. मग त्यांचा नेहमीचा नियम होता, बंद केल्यावर एकदा हाक मारून बघायची, कुणी आत राहिलं तर नाही ना. ते उठले आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"तुमी मारा."

मी बसले. पिंगची ओळ लिहिली आणि एंटर दाबलं. चार वर्षं रोज सकाळी जिथे ओळीनं ओ येत, तिथे आम्ही दोघं बघत राहिलो. काही वेळानं पडद्यावर एकच ओळ उमटली, उत्तर आलं नाही, अशा अर्थाची.

"कुणी नाही काका," मी म्हणाले.

एसीचा आवाज तेवढा चालू होता. मी पडद्याकडे बघत बसले होते, आणि माझ्या मागून, अगदी शेजारून, ते म्हणाले,

"ओ."